तळ्याच्या गाण्याची रेकॉर्ड

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडं दोन कामं होती. आठवड्यातले सहा दिवस मी आमच्या शिवारातल्या पाझर तलावाच्या कामावर मजुरांची हजेरी पुकारायचो. सातव्या दिवशी काम बंद असायचं. त्या दिवशी चार कोस चालत उमरग्याला जायचो आणि नव्या रेकॉर्डी ऐकायचो. ऐकून झाल्या की त्यांच्यावर चार-चार ओळी लिहायच्या. त्या ओळी तिथल्या एका साप्ताहिकात छापून यायच्या.

माणसं खडी फोडत होती, सरकारी सुकडीवर पोरं जगत होती, आणि मी गाण्यांवर लिहीत होतो, हे आज सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. पण लाउडस्पीकर दुष्काळातही बंद नव्हते. लग्नं थोडी लागायची, पण लागायची. सोसायट्यांच्या निवडणुका होत्या, साखर कारखान्याच्या सभासदांच्या सभा होत्या, जयंती होती, जत्रा होत्या. गावोगावच्या लाउडस्पीकरवाल्यांना नव्या रेकॉर्डी लागायच्या. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून छोट्या तबकड्या यायच्या, एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. पाकिटावरचं चित्र बघून घ्याव्या, तर निम्म्या फसव्या निघायच्या. म्हणून साप्ताहिकाच्या गुरुजींनी हे सदर काढलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले होते आणि छापखान्याच्या मागच्या खोलीतच राहायचे. त्यांनी माझं अक्षर एका अर्जावर पाहिलं होतं, आणि मी जयंतीच्या गायनपार्टीत पेटी वाजवतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

रेकॉर्डी ऐकायच्या त्या चाचांच्या दुकानात. चाचा म्हणजे हमरस्त्यावरच्या लाउडस्पीकर दुकानाचे मालक, निजामाच्या काळापासून यंत्रांत हात घातलेले. ऐकायचं कसं ते मला त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी रेकॉर्ड प्लेअरला कान लावून बसलो, तर म्हणाले, "इथं बसून सगळंच गोड लागतं बेटा. कर्णा कुठं बांधलाय ते बघ, आन् तिथून दोनशे पावलं जा."

त्यांनी दुकानामागच्या चिंचेला एक कर्णा बांधला होता. मी ट्रक उभे राहायचे तिथवर जायचो. हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्यांची घरघर चालू असायची आणि तिच्यातून गाणं ऐकायचं. जे शब्द तिथं पोचले ते खरे. कितीतरी नामांकित गळे तिथवर येईपर्यंत चिरकायचे. ढोलकीची नुसती फडफड व्हायची. मी लिहायचो: "बाईचा आवाज बारीक, वरच्या सुरात कर्णा किंचाळतो. घेऊ नये." किंवा: "शब्द साधे, गळा जाड, लांबून स्वच्छ. जयंतीला चालेल." एखादी रेकॉर्ड उन्हानं वाकलेली यायची, तर तेही लिहायचो.

त्या चार ओळींनी मला काय दिलं, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची वस्ती गावाबाहेरची, बौद्ध झालेल्यांची. ज्या दुकानांच्या पायरीवर माझ्या बापाला बसू दिलं नसतं, त्या दुकानांचे मालक मला बाजारात थांबवून विचारायचे, "या हप्त्याला काय घ्यावं?" मी लगेच उत्तर द्यायचो नाही. जरा विचार केल्यासारखं करायचो. बावीस वर्षांचा होतो. डोक्यात हवा जायला तेवढं पुरं होतं.

तलावाच्या कामावर आमच्या वस्तीतली एक बाई होती. नात्यानं माझी चुलत वहिनी. तिचा नवरा पुण्याकडं पाइपाचे चर खोदायला गेला होता. ती सात-आठ महिन्यांचं पोरगं पाठीला बांधून कामावर यायची. तळ्याच्या पोटात एक बाभूळ होती, तिच्या फांदीला झोळी टांगायची आणि बांधावर माती टाकायला जायची. दोन खेपांमध्ये एकदा झोळीला झोका देऊन यायची.

उन्हाळ्यात कामावर पोरांना जुलाब-उलट्यांची साथ आली. पाणी टँकरचं, तेही गढूळ. वहिनीच्या पोराला सकाळी उलटी झाली, दुपारी त्याचे डोळे आत गेले. मी मुकादमाकडं जाऊन म्हणालो, उमरग्याला दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर द्या. तो म्हणाला, ट्रॅक्टर मातीवर आहे, सुटल्यावर नेऊ. मी परत बोललो नाही. सुटी व्हायच्या आत पोरगं गेलं. वस्तीत नेईपर्यंत अंधार होईल, म्हणून बायांनी तिथंच बाभळीच्या बुडाशी खड्डा खणला. खणायला टिकाव आणि फावडी होतीच. दुसऱ्या दिवशी मी हजेरी पुकारली तेव्हा वहिनी ओळीत उभी होती. तिचं नाव आलं तेव्हा "हाय" म्हणाली.

तिचं गाणं मी त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ऐकलं. बाया माती टाकताना गायच्याच, जात्यावरच्या ओव्या, नाहीतर जयंतीची गाणी. पण हे कुणी आधी म्हटलेलं नव्हतं. ती एकटीच, टोपलं रिकामं करून खाली उतरताना म्हणत होती:

भर रे तळ्या भर, दमादमानं भर,
बाभळीच्या बुडाशी नगं येऊ वर,
निजलंय तान्हं तिथं, वलं नगं कर.

एवढंच होतं. एवढंच ती फिरवून फिरवून म्हणायची. "वलं नगं" इथं सूर खाली उतरायचा आणि मध्येच सुटायचा. पुढचे शब्द म्हणायची कधी, कधी नुसतं हुंकारायची. त्या तळ्यात पाणी यावं म्हणून साऱ्या गावाचे डोळे आभाळाला लागले होते, तीही त्याच तळ्याचा बांध रचत होती, आणि पाण्याला हळू ये म्हणत होती. मी त्या दिवशी टाचण करायची वही काढून शब्द उतरवून घेतले. तिनं ते पाहिलं.

"काय लिवता, भावजी?"

"तुमचं गाणं."

"ते कुठलं गाणं," ती म्हणाली आणि टोपलं घेऊन गेली.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे ज्याला आम्ही नावापुरता पावसाळा म्हणत होतो त्या दिवसांत, उमरग्याला एक गृहस्थ आले. रेकॉर्ड काढणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीसाठी ते गाणी लिहायचे. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं त्यांना चाचांकडं पाठवलं होतं. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. चाचांनी माझी ओळख करून दिली तेव्हा ते उठून उभे राहिले. "तुमचं सदर वाचतो आम्ही," म्हणाले. "आमच्या मागच्या रेकॉर्डला तुम्ही घेऊ नये लिहिलंत. बरोबर लिहिलंत."

त्यांनी चहा मागवला. म्हणाले, शहरात बसून लिहिलेली गाणी आता चालत नाहीत, मातीतलं काही असेल तर सांगा. मला माझं ज्ञान दाखवायचं होतं. मी वही उघडली आणि वहिनीच्या तीन ओळी त्यांना वाचून दाखवल्या. मग चालही म्हणून दाखवली. "वलं नगं" कसं सुटतं तेही. त्यांनी सिगारेटचं पाकीट फाडून आतल्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. कुणाचं आहे, असं विचारलं. मी म्हणालो, "कामावरच्या बाया म्हणतात." एका बाईचं आहे, तिचं पोरगं त्या बाभळीखाली आहे, हे मी बोललो नाही. का बोललो नाही, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मला वाटतं, बोललो असतो तर ते गाणं माझं राहिलं नसतं.

सात-आठ महिन्यांनी ती रेकॉर्ड आली. त्या हप्त्यात पाच रेकॉर्डी होत्या, ही चौथी. पाकिटावर घागर घेतलेली बाई. मी नेहमीसारखा ट्रकांपर्यंत चालत गेलो आणि चाचांना हात केला. आधी क्लॅरिनेट वाजला, मग बाईचं हसणं, आणि मग माझ्या ओळखीची चाल, दुप्पट वेगानं:

भर रं राया घागर, दमादमानं भर,
नदीच्या काठाशी नगं येऊ वर,
नवी माझी चोळी, वली नगं कर.

"नगं" शब्दावर ती बाई लाडानं हेल काढत होती आणि मागं दोन पुरुष "अगं अगं" करत होते. एक क्लीनर टायरला हवा भरत होता, तो तालावर मान हलवायला लागला. दोनशे पावलांवर एकेक शब्द स्वच्छ येत होता. माझ्या कसोटीला ती रेकॉर्ड पुरेपूर उतरत होती.

मी परत आलो तेव्हा चाचांनी विचारलं, "कैसी है?"

"चालेल," म्हणालो. "दुसरी बाजू लावा."

दुसऱ्या बाजूला वेगळं गाणं नव्हतं. तीच चाल, शब्द काढून टाकलेली, वरातीत बँडवाल्यांना उचलता यावी म्हणून नुसत्या वाद्यांवर. तेव्हा असं क्वचित यायचं. क्लॅरिनेटवाला कुणी जाणता असावा. "वलं नगं" च्या जागी त्यानं सूर खाली नेऊन मध्येच सोडला होता, जसा मी त्या गृहस्थांना सोडून दाखवला होता. शब्द नव्हते, हसणं नव्हतं.

त्या आठवड्यात मी लिहिलं: "लांबून स्वच्छ. लग्नात चालेल. मागची बाजू अधिक चांगली." तेवढंच. एवढ्यानं मी माझी जबाबदारी पार पाडली असं मी मनाला सांगितलं.

लोकांनी माझं ऐकलं. त्या लग्नसराईत उमरग्यापासून कळंबपर्यंत कुठंही जा, ती घागर वाजत होती.

वहिनीनं ती कुठं ऐकली ते मला तिनंच सांगितलं. शेजारच्या गावात एका लग्नात भांडी घासायला गेली होती, तिथं. पुढच्या बाजारच्या दिवशी ती चाचांच्या दुकानात आली. हातात मिलोचं, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीचं गाठोडं होतं. मी आत बसून लिहीत होतो. ती मला न बोलता चाचांना म्हणाली, "ते घागरीचं गाणं लावा की जरा."

चाचांनी लावलं. ती पायरीखाली उभी राहून ऐकत होती. गाठोडं खाली ठेवलं नाही.

"ही बाई कोण?" तिनं विचारलं.

"मुंबईची आहे," चाचा म्हणाले.

"तिला कसं कळलं?"

चाचांना प्रश्न समजला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीत बघत राहिलो. ते क्षण अजून माझ्या अंगावर येतात. मी काही बोलू शकलो असतो, पण बोललो नाही, जसा मुकादमाशी दुसऱ्यांदा बोललो नव्हतो. मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बंद करा," आणि बाजाराकडं निघून गेली.

मी दोन दिवस धीर गोळा केला आणि तिसऱ्या दिवशी, सकाळी कामावर जायच्या आधी, तिच्या घरी गेलो. ती सुपात मिलो पाखडत होती. तिच्यातून खडे आणि भलतंच बी निघायचं, ते वेचत होती. नवरा परत आला होता, पण त्या वेळी पाण्याला गेला होता.

"वैनी," मी म्हणालो, "ते गाणं म्या दिलं."

तिनं हात थांबवला नाही. "मला ठावं हाय. तुमच्याबिगर कुणी उतरवून घेतलं हुतं?"

"ते असं करतील हे ठावं नव्हतं."

"पर दिलं ते इचारून दिलं न्हाय."

"न्हाय."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "इचारलं असतं तर म्या न्हाय म्हनले असते का, ते बी मला सांगता यायचं न्हाय. कदाचित द्या म्हनले असते. कुणीतरी ऐकावं असं वाटतंच की. पर तुम्ही इचारलं न्हाय." आणि मग, "आता एक करा. आपल्या गावात ती वाजू नये असं बघा."

मी चाचांना सगळं सांगितलं. नंतर त्यांनी ती रेकॉर्ड पेटीतून काढून कपाटात वर ठेवली आणि म्हणाले, "मेरे तरफसे तुमच्या गावाला ही जाणार नाही." ते त्यांनी पाळलं. पण गावात लग्नाला दुसऱ्या दुकानाचे कर्णेही यायचे. मी एकदा नवरदेवाच्या बापाला हात जोडून ती लावू नका म्हणालो. तो म्हणाला, "तूच तर पेपरात चालेल म्हनून लिवलंस." तो काही वावगं बोलला नव्हता. वहिनीच्या घराचं दार वरात जाईपर्यंत बंद होतं.

मग मी एक लेख लिहिला, सदरापेक्षा मोठा. बाभूळ, झोळी, ट्रॅक्टर, सगळं लिहिलं. मी स्वतः काय केलं तेही लिहिलं. गुरुजींनी तो उभ्या उभ्या वाचला, चष्मा काढला, खाली बसून पुन्हा वाचला.

"छापतो," ते म्हणाले. "सोलापूरचा व्यापारी जाहिरात बंद करेल, करू दे. पण त्या बाईला विचारलंस का?"

या वेळी तरी विचारायला हवं होतं, आणि मी विचारलेलं नव्हतं. मी लेख घेऊन गावी आलो. वहिनीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला वाचून दाखवला. तिचा नवराही ऐकत होता. लेखात पोराचं शरीर कसं दिसत होतं त्याचं एक वाक्य होतं. ते आलं तसा तो उठून बाहेर गेला.

संपल्यावर ती म्हणाली, "चांगलं लिवलंय. सारं खरं हाय."

"छापू?"

"नगं. एकदा कर्ण्यावर घातलं, आता पेपरात नगं घालू. माझं लेकरू हाय ते."

मी घडी करून कागद खिशात ठेवला. गुरुजींना म्हणालो, ती नको म्हणते. त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी सदर सोडत असल्याचंही सांगितलं. त्यांनी आग्रह केला नाही. पुढं कुणी शाळामास्तर ते लिहू लागले. ते दुकानातच बसून ऐकायचे, असं चाचा सांगायचे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि तळं भरलं. दमानं वगैरे नाही, दोन दिवसांत भरलं. सारं गाव बघायला बांधावर गेलं. नारळ फोडले. मी गेलो तेव्हा पाण्यावर बाभळीचा शेंडा दिसत होता, संध्याकाळपर्यंत तोही दिसेना. वहिनी आली नव्हती. तिचा नवरा बांधाच्या टोकाला एकटा बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "आमी ऊसतोडीला जातोय आता. हितं काय करायचं." पंधरा दिवसांत दोघं टोळीबरोबर गेले.

मला पुढं सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली. पेटी वाजवायची सुटली. नंतर कॅसेटी आल्या आणि चाचांचं दुकान त्यांच्या मुलानं पंक्चरचं केलं.

वहिनी मला पुन्हा भेटली ती कारखान्याच्या आवारात, आठ-नऊ वर्षांनी. ऊस घेऊन आलेल्या बैलगाडीवर बसलेली होती. केस पिकले होते, तळहाताला चिंधी बांधलेली होती. तिच्याबरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिनं मला आधी ओळखलं.

"भावजी, हिला कुठं बोर्डिंगात घालता येईल का?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांनी तिची पहिली गोष्ट ही. "गाडीमागं फिरून शाळा व्हईना हिची."

मी म्हणालो, बघतो. कळंबला मुलींच्या एका वसतिगृहात माझी ओळख होती. अर्ज मीच भरला. प्रत्येक रकान्याला तिला विचारून लिहिलं, जन्माचा महिना तिला सांगता येईना तेव्हा तो कोरा ठेवला. शेवटी तिनं अंगठा दिला आणि शाई पुसायला जागा शोधत राहिली, तशी मी माझा रुमाल पुढं केला.

मुलगी वसतिगृहात राहिली ती दिवाळीपर्यंत. टोळी पुन्हा निघाली तेव्हा तिच्या धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बाप येऊन तिला घेऊन गेला. वसतिगृहाच्या बाईंनी मला निरोप पाठवला. मी गेलो तोवर एस.टी. सुटली होती. बाईंनी मुलीची पाटी आणि एक परकर पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे तिच्या घरी पोचवा. टोळी त्या वर्षी कुठल्या कारखान्याला गेली ते मला कळलं नाही. ती पिशवी माझ्याकडंच राहिली.